लाटेचं डोकं छाटणाऱ्या बाई

लोणावळ्यापासून कामशेतपर्यंतच्या तमाम सुज्ञ नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आपल्या परिसरात एका महिलेने भरदिवसा, साक्षीदारांसमक्ष, कित्येक वर्षे निष्पाप लाटांची डोकी छाटली. सेकंदाला पन्नास या वेगाने छाटली. हत्यार होते नखाएवढी एक काळी चिप. सदर महिलेस कधीही अटक झाली नाही. प्रस्तुत लेखिका या कृत्यात सुरुवातीपासून सामील होती आणि तिला त्याचा काडीइतकाही पश्चात्ताप नाही.

हुश्श. झालं एकदाचं गांभीर्य. आता नीट सांगते.

बाई आमच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. मी त्याच विभागात, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी धाकटी. कागदोपत्री अधिव्याख्याता, प्रत्यक्षात बाईंच्या मागून वायरी गुंडाळत हिंडणारी. कॉलेजात आणखी सातजणी शिकवत होत्या, पण त्यांना हाक मारताना पुढं नाव जोडावं लागे. नुसतं ‘बाई’ म्हटलं की प्राचार्यांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच मूर्ती यायची.

आणि काय मूर्ती! सुती साडी, पायात खेळाचे बूट, आणि पदर खांद्यावर क्रोकोडाइल क्लिपनं अडकवलेला. क्रोकोडाइल क्लिप म्हणजे वायर पकडायचा दातेरी चिमटा, सुसरीच्या जबड्यासारखा. रोज लाल, हळदीकुंकवाला हिरवा. मी एकदा विचारलं, “बाई, साधी पिन का लावत नाही?” तर म्हणाल्या, “पिन हरवली की हरवली गं. चिमटा हरवला तर निदान लॅबमध्ये कुठल्यातरी वायरीला लटकलेला सापडतो.”

त्या बेडशाच्या. लेण्यांच्या खालच्या गावातल्या, घरची भातशेती. रोज स्कूटरवरून यायच्या. वर्गात त्यांची भाषा पाठ्यपुस्तकासारखी स्वच्छ असे, पण राग, आनंद किंवा भूक यांतलं काहीही अनावर झालं की बेडसं तोंडातून बाहेर पडायचं. मुलं वाटच बघत असायची.

माणसांचे मूड त्या व्होल्टमध्ये मोजायच्या. प्राचार्यांच्या केबिनमधून बाहेर आल्या की मला दारातच थोपवायच्या. “आत जाऊ नको. आत्ता बारा व्होल्टवर आहेत. चार वाजता चहा पितात, तेव्हा पाचावर येतील. रजेचा अर्ज तेव्हा दे.” मी ऐकायचे, आणि रजा मिळायची. दुसऱ्या विभागातली माणसंही हळूच येऊन विचारू लागली, “बाई, आज किती?”

आमच्या भागात पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की पाकिटांवर, पट्ट्यांवर आणि लग्नाच्या अल्बमवर पांढरी बुरशी चढते. म्हणून घरोघरी एका कपाटात जूनपासून बल्ब जळत ठेवतात. बाईंनी लॅबमध्येही तसंच कपाट केलं होतं. वरच्या खणात सर्किटं आणि लाटा तयार करणारं यंत्र, मधल्या खणात नाचणीचे पापड, खालच्या खणात समस्त विभागाचे मोजे. एकदा एक विक्रेता नवीन उपकरण दाखवायला आला आणि कपाट उघडताच दोन पावलं मागं सरकला. बाई शांतपणे म्हणाल्या, “वास मोज्यांचा आहे. पापड चांगले आहेत. देऊ का?”

लॅबमध्ये चपला-बूट बाहेर, हा कडक नियम. “चिखल आणि चिप एका घरात नांदत नाहीत.” मुलं अनवाणी यायची आणि प्रत्येक टेबलासमोरच्या रबरी चटईवर उभी राहायची. बाईंचे खेळाचे बूटही दारातच निघायचे. आतल्या वापरासाठी त्यांच्या निळ्या रबरी सपाता होत्या. त्या दुसऱ्या कुणी पायात घातलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

पण बाईंचं खरं वेड होतं ते खऱ्या आकड्याचं. यंत्राचा काटा जे सांगेल ते लिहायचं, त्यात आपली हौस मिसळायची नाही. मुलं मागच्या वर्षीच्या वहीतून आकडे उतरवतात हे कळल्यावर बाई दरवर्षी, कुणालाही न सांगता, प्रत्येक सर्किटातला एक भाग बदलून ठेवू लागल्या. उतरवलेली वही आली की चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, “वा! तू मागच्या वर्षीचं सर्किट या वर्षी मोजलंस. मला बी शिकव.”

ही सत्यनिष्ठा त्या घरीही घेऊन जायच्या. त्यांच्या भाचीला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या आईनं सहज विचारलं, “स्वयंपाक येतो ना मुलीला?” सगळं घर ‘हो हो’ म्हणायला तोंड उघडतंय तोवर आमच्या बाई बोलल्या, “भात सहापैकी चार वेळा जमतो. मी मोजलाय.” भाची आत जाऊन रडली. भावानं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांचा होकार आला. मुलाची आई म्हणे घरी जाऊन बोलली होती, “चार म्हंजे लय झाले. मला अजून तीनदाच जमतोय.”

तर आता लाटांकडे येऊ.

वीज एका लयीत वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. लाटा दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर ती गोल माथ्याच्या टेकड्या आणि गोल बुडाच्या दऱ्या अशी दिसते. हिला म्हणायचं साइन वेव्ह. बाईंचा लाडका प्रयोग म्हणजे या टेकड्यांचे माथे सपाट कापणं. साध्या भागांनी कुणीही कापेल. बाईंना ते चिपकडून करून घ्यायचं होतं. चिप अशी की तिला आपण कॉम्प्युटरवरून कामं नेमून द्यायची. तिच्या पोटात दोन कंपॅरेटर, म्हणजे तुलना करणारे. एक वरच्या मर्यादेवर नजर ठेवून, दुसरा खालच्या.

वर्गात हे समजावताना बाई रेल्वेपुलाच्या अलीकडे ट्रकची उंची अडवणारी लोखंडी कमान घ्यायच्या. “पेंढ्यानं भरलेला ट्रक आला. कमान एवढंच बघते की माझ्यापेक्षा उंच की बुटका. किती उंच, कुणाचा ट्रक, ड्रायव्हर कोण, तिला काय घेणं? कंपॅरेटरला दोनच शब्द येतात. उंच आणि बुटका. बुटका म्हटलं की चिप लाटेला जशीच्या तशी जाऊ देते. उंच म्हटलं की लाटेची वाट बंद करते, आणि लाट परत खाली येईपर्यंत तिच्या जागी मर्यादेचंच व्होल्टेज सोडते. म्हणजे ट्रक जातो, वरचा पेंढा तेवढा कमानीपाशी राहतो. कळलं?”

“कळलं!” सगळा वर्ग ओरडायचा.

“मग लाट ऐन मर्यादेवर घुटमळली तर?”

मुलं वह्यांत डोकी घालायची.

“तर कंपॅरेटर बावचळतो. उंच, बुटका, उंच, बुटका! आपल्या प्राचार्यांसारखं. सहल न्यायची, न्हाई न्यायची, न्यायची. म्हणून त्याला थोडी ढील शिकवायची. एकदा उंच म्हणालास ना? मग लाट चांगली खाली उतरल्याशिवाय शब्द फिरवायचा न्हाई!”

प्राचार्यांचं केबिन भिंतीपलीकडेच होतं. भिंत जाड नव्हती.

प्राचार्य तसे भले गृहस्थ, पुण्याचे, सौम्य. पण संस्थेच्या अध्यक्षांपुढे त्यांचा पार पापड व्हायचा. अध्यक्ष म्हणजे इंदुरीकडचे बडे बागायतदार; कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि दुरून ऐकू येणारा आवाज. त्यांच्या मनात आलं की लोणावळा-खंडाळ्यात पावलोपावली हॉटेलं, तिथं माणसं हवीत, मग आपण हॉटेल मॅनेजमेंट का काढू नये? काढलं. एक शेफही आणला, मुंबईच्या मोठ्या हॉटेलातला. आता त्याला स्वयंपाकघर हवं होतं. पाणी, मोरी आणि तीन मोठ्या खिडक्या असलेली खोली कॉलेजात एकच होती. आमची लॅब.

शेफ उठसूट मोजपट्टी घेऊन यायचा. “बेसिकली मॅडम, इथे चार बर्नर, तिथे चिमणी. तुमचं ते कपाट जिथं आहे ना, तिथं डीप फ्रीजर.”

“कपाट गरम असतं,” बाई म्हणायच्या.

“तेच तर चेंज करायचंय!”

अखेर ठरलं की अध्यक्ष स्वतः येऊन लॅब बघणार आणि जागेवरच निकाल देणार. खोली गेली असती तर बाईंना तळघरातल्या स्टोअरमध्ये दोन टेबलं मिळाली असती, जिथं पावसाळ्यात पायऱ्यांवरून पाणी उतरतं. तिथं सर्किट आठवडाभरही टिकलं नसतं. बाईंनी तेवीस वर्षं ती लॅब स्क्रू-स्क्रू करून उभी केली होती, आणि निवृत्तीला चार वर्षं उरली होती. आदल्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांना विचारलं, “बाई, आज तुम्ही किती व्होल्ट?” त्या कपाटातले मोजे एकेक करून जुळवत राहिल्या.

आणि त्याच संध्याकाळी मी शेण खाल्लं. प्राचार्यांनी फतवा काढला होता की पाहुणे यायचेत, सगळं स्वच्छ हवं, चटया धुवा, जाताना सगळी बटणं बंद करा. मी अत्यंत आज्ञाधारकपणे चटया धुऊन गॅलरीत वाळत घातल्या. आणि अत्यंत आज्ञाधारकपणे कपाटातला बल्ब बंद केला.

जुलै महिना. रात्रभर धुकं खिडकीतून आत येऊन झोपलं असणार. सकाळी फरशीवर घाम फुटल्यासारखं पाणी, आणि लाट तयार करणारं यंत्र मुकं. पडद्यावर टेकडी नाही, दरी नाही. नुसती सरळ रेघ.

“बाई, मी बल्ब...”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. “पापड बी सादळले असतील,” एवढंच म्हणाल्या. मग चिपकडे जाणारी वायर यंत्रातून उपसली आणि तिचं उघडं टोक बोटात धरून तपासू लागल्या. तेवढ्यात पडद्यावर लाट उठली. थोडी वेडीवाकडी, पण लाटच.

“बाई! ही कुठून आली?”

“ही व्हय?” बाईंचे डोळे चमकले. “ही भिंतीतली. वायरिंगमधली, ट्यूबलाइटमधली. ती हवेतून अंगावर येते. आपलं अंग म्हणजे एरियल. घे, मिळाली लाट!”

दारात गाडीचा हॉर्न वाजला.

अध्यक्ष आले ते मोठ्या आदरानं. चपलांचा नियम कळताच त्यांनी कोल्हापुरी दारातच काढल्या. “विद्येचं ठिकान हाय, काढल्याच पायजेत.” प्राचार्यांनी घाईघाईनं बूट काढले. शेफ मात्र जाड रबरी तळव्याच्या बुटांसकट आत. “सॉरी मॅडम, आमच्या लाइनमध्ये किचनमध्ये बूट काढणं गुन्हा आहे.”

“हे किचन नाही,” बाई म्हणाल्या.

“अजून,” शेफ म्हणाला.

पडद्यावर दोन चित्रं होती. वर मूळ लाट, खाली छाटलेली. बाईंनी वायर बोटात धरून दाखवली, मर्यादांचे दोन नॉब दाखवले. अध्यक्षांना चिपशी घेणंदेणं नव्हतं; त्यांचे डोळे बोटावर खिळले होते.

“म्हंजे बाई, मी धरली तर माझी बी लाट दिसंल?”

“दिसेल की. धरा.”

अध्यक्षांनी सदऱ्याची बाही सावरून वायर धरली. पडद्यावर अगदी लहानशी, लाजरी लाट उठली. भाताच्या खाचराच्या बांधाएवढी.

“बारीक हाय जरा,” अध्यक्ष म्हणाले. “शेफ, तुमी धरा बरं.”

शेफनं धरली. डोंगर! पडद्याच्या छताला भिडणारा डोंगर.

शेफ हसला. त्यानं हसायला नको होतं. अध्यक्षांचा चेहरा आंबट झाला आणि प्राचार्य बाईंच्या कानाशी येऊन कुजबुजले, “बाई, ती वरची मर्यादा खाली आणा ना! साहेबांच्या उंचीवर आणा. सगळ्यांच्या सारख्या करा!” आणि हातातली फाइल त्यांनी अशी काही उभी धरली की पडद्यावरचं वरचं चित्र झाकलं गेलं, फक्त खालचं उरलं.

बाईंनी आधी फाइलकडे पाहिलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी, बल्ब बंद करणारी, दोन्ही हात जोडून उभी होते. बाईंनी नॉब फिरवला.

शेफचा डोंगर सपाट झाला. माथा नाही, नुसतं टेबल. पुन्हा अध्यक्षांनी धरली. त्यांची लाट तेवढीच उंच, पण गोल, घोटीव, अखंड!

“आत्ता!” अध्यक्षांचा आवाज गॅलरीपर्यंत गेला. “बघा, याची चपटी, माझी पुरी! बाई, लय भारी मशीन हाय तुमचं. माणसाची पारख करतंय. प्राचार्य, लिहून घ्या, ही खोली...”

“थांबा साहेब,” बाई म्हणाल्या.

त्यांनी खांद्यावरचा लाल चिमटा नीट बसवला. मी मनात म्हटलं, बाई, नका. फक्त आज नका. पण भाताचेही खरे आकडे सांगणारी बाई ती.

“फाइल बाजूला घ्या सर. साहेब, ही लाट तुमची न्हाई. शेफची बी न्हाई. भिंतीतल्या विजेची हाय, आपल्या अंगावर नुसती बसती. तुमी आदरानं चपला काढल्या, फरशी ओली हाय, म्हनून तुमची लाट पायातून जमिनीत उतरती. त्यांच्या पायात रबर हाय, म्हनून त्यांची उतरत न्हाई. मी मर्यादा खाली घेतली आन् त्यांचं डोकं छाटलं. मशीन मानसाची पारख करत न्हाई. ते फक्त उंच आन् बुटका एवढंच सांगतंय. खोली द्यायची ती दुसरीकडं द्या, पन खोटं बघून ठरवू नका.”

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. शेफनं खिशातून मोजपट्टी काढली. बाहेर गॅलरीत चटयांवरून पाणी ठिबकत होतं, आणि तो आवाज मला तोफेसारखा वाटत होता.

अध्यक्षांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग मान वर केली.

“म्हंजे पायात रबर घातलं,” ते हळूच म्हणाले, “तर माझी वाढंल?”

“वाढायलाच पाहिजे.”

“पन माझ्या चपला चामड्याच्या. त्या बी भिजल्यात.”

बाईंनी एक क्षण विचार केला, आणि मग मी जे पाहिलं ते पुन्हा पाहण्यासाठी चार वर्षांचा पगार द्यायला तयार आहे. त्यांनी आपल्या पायातल्या निळ्या सपाता काढून अध्यक्षांपुढे सरकवल्या. कडक इस्त्रीचे अध्यक्ष त्यांच्यात कसेबसे घुसले. टाचा बाहेर, त्यामुळे चवड्यांवर उभे. एका हातानं लाकडी टेबलाची कड धरली, दुसऱ्या हातानं वायर.

लाट उठली. उठली ती फुगत गेली, वाढत गेली, आणि खालच्या चित्रात तिचा माथा खाडकन सपाट झाला.

“आवं, माझं डोकं कापलं की!”

“मर्यादा तुमच्या हातात हाय. उजवा नॉब, वर घ्या.”

अध्यक्षांनी फिरवला. डोकं परत आलं. खाली फिरवला, गेलं. वर, आलं. “गेलं! आलं! गेलं!” पन्नाशी उलटलेला तो माणूस निळ्या सपातांत चवड्यांवर डोलत होता, शिपाई दारातून डोकावत होता. मग ट्यूबलाइटच्या जवळ गेलं की लाट आणखी वाढते असं बाईंनी सांगितलं. झालं! अध्यक्ष स्टुलावर. प्राचार्यांनी दोन्ही हातांनी स्टूल धरलं होतं आणि ते, देवाशपथ, हसत होते. शेफसुद्धा बूट काढून अनवाणी आपली लाट किती उरते ते बघायला रांगेत उभा राहिला. आणि बाई? बाई ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहून वहीत आकडे टिपत होत्या. कुणाची लाट, पायात काय, किती व्होल्ट.

शेवटी प्राचार्यांना कर्तव्याची आठवण झाली. घसा खाकरून ते स्टुलाच्या दिशेनं वर बघत म्हणाले, “साहेब, ते खोलीचं... काय ठरवायचं?”

अध्यक्षांनी पडद्यावरून नजर हटवली नाही. ट्यूबलाइटपाशी हात उंचावून, घामाघूम, चेहराभर हसत ते ओरडले, “खोलीला कुनी हात लावायचा न्हाई! उद्या मी बायकूला घेऊन येतोय, बघू तर एकदाचं घरात कुनाची मोठी!”